नाव न लिहिलेल्या दोन नळ्या

ही हकिकत प्रथम १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, गुरुवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास ऐकण्यात आली. सांगणाऱ्या होत्या सिस्टर मार्था भांबळ. अस्थिरोगाच्या स्त्री-वॉर्डात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या त्याच वर्षी जुलैत निवृत्त झाल्या होत्या. प्रसंग त्याच्या आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला. पुढे जानेवारीत, जिच्यावर तो गुदरला तिनेही तो पत्राने कळवला. दोघींच्या सांगण्यात तीन ठिकाणी किरकोळ फरक पडतो. तेथे जिच्यावर गुदरला तिचे म्हणणे धरले आहे.

तर, एका जिल्ह्याच्या गावात एक मोठे रुग्णालय होते, आणि त्या रुग्णालयात एक मुलगी होती, जिचे हात सदैव शिवशिवत असत.

तिचे नाव तेजल गुंजाळ. वैद्यकीय शिक्षणाची साडेचार वर्षे तिने पुस्तकांच्या सोबतीत काढली होती. आता शेवटचे वर्ष होते, आणि ते रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत शिकायचे होते. अशा शिकाऊ डॉक्टरला इंटर्न म्हणतात. तेजल रोज वेळेच्या अर्धा तास आधी वॉर्डात हजर होई. बाह्या दुमडून उभी राही. कोणी ‘जरा इकडे या’ म्हणाले की शब्द पुरा होण्याआधी ती तेथे पोहोचलेली असे.

पण सहा आठवड्यांत तिच्या वाट्याला काय आले? एक्स-रे आणणे. ट्रॉली ढकलणे. प्लास्टर घालताना रुग्णाचा पाय धरून ठेवणे. ठसठशीत, सोप्या शिरांतले रक्त तिने दहा-बारा वेळा काढले होते. परंतु सोप्या शिरेचे कौतुक कोणी करत नाही. तिला हवे होते ते अवघड काम. आणि त्याहूनही तिला हवे होते ‘वॉश अप’ होणे. म्हणजे कोपरापर्यंत हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे चढवून, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी प्रत्यक्ष मदतीला उभे राहणे. ती संधी दोन महिन्यांत एखाद्यालाच मिळे.

आठ खाटांच्या त्या वॉर्डात पाचव्या खाटेवर कोंडाबाई होत्या. वय सत्तरीच्या आसपास. सुपे आणि टोपल्या विणण्यात त्यांचा जन्म गेला होता. उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. ती झाली नसती तर हाड सांधले नसते, आणि कोंडाबाईंना मांडी घालून पुन्हा कधी विणायला बसता आले नसते. शस्त्रक्रियेसाठी रक्ताच्या दोन पिशव्या लागणार होत्या. पिशव्या मिळण्यासाठी आधी कोंडाबाईंच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीत पोहोचायला हवा होता, आणि दुसऱ्या दिवसाचे नमुने रक्तपेढी दुपारी साडेबारापर्यंतच घेत असे.

अडचण अशी की कोंडाबाईंच्या हातात शीरच सापडत नव्हती. महिनाभर सलाइने लावून सगळ्या शिरा दबल्या होत्या. त्या दिवशी सकाळी पुष्कर दाभाडे या तेजलच्या सोबत्याने दोन वेळा सुई टोचली. काही आले नाही. मग वॉर्डाचे निवासी डॉक्टर निनाद केंद्रे स्वतः आले. त्यांनीही दोन वेळा टोचले. त्यांच्याही हाती काही लागले नाही.

कोंडाबाईंनी हात आखडून घेतला. “हाताची चाळण केलीसा,” त्या म्हणाल्या. “आता गहू चाळायचं तेवढं राहिलंय.”

केंद्रे म्हणाले की मानेतून किंवा पायातून घेता येईल. त्यावर कोंडाबाईंनी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की मानेला हात लावायचा नाही आणि पायालाही नाही. मग म्हणाल्या,

“एक डाव देते. शेवटचा. त्यात निघालं तर निघालं. न्हाईतर उद्याचं आप्रेशन बी नको आन् काय बी नको. खुरडत घरी जाईन.”

केंद्रे कपाळ चोळत इंटर्नांकडे वळले. ज्याच्या हाताला आजींचे रक्त लागेल तो उद्या माझ्यासोबत वॉश अप होईल, असे त्यांनी सांगितले. ते अर्धे थट्टेने बोलले असावेत, परंतु दिलेला शब्द मोडण्याची त्यांना सवय नव्हती, हे सर्वांना माहीत होते. पुष्करने दोन्ही हात वर करून माघार घेतली. तेजलचे काळीज इतके जोराने धडधडू लागले की ते ॲप्रनवरून दिसत असावे असे तिला वाटले.

“सर, मी बघते,” ती म्हणाली.

हात स्थिर व्हावा म्हणून तिने आधी शेजारच्या, सहाव्या खाटेवरचे काम उरकले. तेथे निलोफर शेख होती. शिवणवर्ग चालवणारी, तिशीची. स्कूटर घसरून मांडीचे हाड मोडले होते. तिचीही शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी होती, आणि तिच्याही रक्ताचा नमुना रक्तपेढीत जायचा होता. निलोफरने हात पुढे केला आणि म्हणाली, “घ्या ताई, माझी शीर म्हणजे नगरपालिकेचा नळ. आणि आज पाण्याचा दिवस आहे.” नळी झरझर भरली. तेजलने ती ॲप्रनच्या खिशात टाकली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. रक्त काढले की तेथेच, खाटेपाशी, रुग्णाला त्याचे नाव विचारून ते स्वतःच्या हाताने नळीवर लिहावे, असा नियम होता. तो वॉर्डाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. पण चिकटपट्टीचे रीळ आणि पेन सिस्टरांच्या टेबलावर असे. म्हणून नळ्या खिशात जमवायच्या आणि टेबलाशी बसून सगळ्यांची नावे एकदम लिहायची, असा इंटर्नांचा रिवाज पडला होता. नियम भिंतीवर होता. रिवाज हातात होता.

तेजल कोंडाबाईंच्या खाटेवर टेकली. दंडाला पट्टा आवळला. मनगटापासून कोपरापर्यंत नजर फिरवली. निळी रेघ कोठेच दिसेना. तिने हात उजेडाकडे वळवला, चापट्या मारल्या, गरम पाण्याची पिशवी लावली. काही नाही. कोंडाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“डोळं मिट,” त्या म्हणाल्या.

“काय, आजी?”

“डोळं मिट आन् बोटानं बघ. बांबू चिरताना गाठ कुठं हाय ते आमी काय डोळ्यानं बघत न्हाई. बोटाला कळतं.”

साडेचार वर्षांत असे कोणी सांगितले नव्हते. तेजलने डोळे मिटले. बोटाचे टोक सावकाश सरकवत नेले. कातडी, तिच्याखाली दोरीसारखे कडक काहीतरी. ते नव्हे. आणखी पुढे. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या चार बोटे वर, बोटाखाली काहीतरी दबले आणि पुन्हा वर आले. ओल्या सुतासारखे. पुन्हा दाबले. पुन्हा वर आले. तेजलने बोट तेथेच ठेवले, डोळे उघडले आणि सुई घातली.

सुईच्या मुळाशी गडद लाल ठिपका उमटला.

थेंब. आणखी एक थेंब. रक्त हळूहळू येत होते, पण येत होते. नळी हवी तितकी भरली तेव्हा निलोफरने शेजारून टाळी वाजवली आणि मग बाकीच्या खाटांवरूनही टाळ्या पडल्या. खुद्द कोंडाबाईंना हसू फुटले. “निघालं की गं,” त्या म्हणाल्या. तेजलने पट्टा सोडला, कापूस दाबून धरला. तिला हसूही येत होते आणि डोळेही भरून आले होते. नळी तिने खिशात टाकली. त्याच खिशात.

पुढची दहा मिनिटे तिला जमिनीवर पाय टेकल्याचे आठवत नाही. केंद्रे यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला आणि उद्या आठ वाजता शस्त्रक्रियागृहात ये, म्हणाले. पुष्करने कँटीनमध्ये चहा मागवला. तेजलने व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला आणि धापा टाकत सांगितले, “आई, मिळालं.” आईने विचारले, काय मिळाले, मार्क? “रक्त,” तेजल म्हणाली, आणि पलीकडे आई इतकी गोंधळली की तेजलला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले.

मग ती टेबलाशी बसली. चिकटपट्टी कापली. खिशात हात घातला. हाताला दोन नळ्या लागल्या.

दोन्ही नळ्यांची टोपणे जांभळी. दोन्ही एकाच मापाच्या. दोन्हींत रक्त, आणि रक्ताचा रंग सारखाच. तिने त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

पुष्कर चहा घेऊन आला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून, मग नळ्यांकडे पाहून त्याने ओळखले. त्याने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. तो वाईट मुलगा नव्हता. उलट मैत्रिणीचे यश मैत्रिणीकडेच राहावे, एवढीच त्याची इच्छा होती.

“ही आजींची,” तो म्हणाला. “कमी भरलीय बघ. त्यांचं थेंब थेंब येत होतं, मी समोर उभा होतो.”

तेजलने पाहिले. फरक होता. नखाच्या जाडीएवढा.

“खात्री आहे?”

“पंच्याण्णव टक्के.”

“आणि पाच?”

“तेजल, पाच टक्क्यांवर अडून बसलं तर या वॉर्डात एक काम होणार नाही.”

तिने पट्टीवर कोंडाबाईंचे नाव लिहिले. ती पट्टी कमी भरलेल्या नळीला लावायची, एवढेच उरले होते. त्याआधी तिने रक्तपेढीचा अर्ज पुढे ओढला. अर्जाच्या तळाशी एक ओळ छापलेली असे. त्या ओळीखाली तेजलने आजवर दहा-बारा वेळा सही केली होती, परंतु ओळ एकदाही वाचली नव्हती. आज तिने वाचली. ‘रुग्णास नाव विचारून, खाटेपाशी, मी स्वतः नळीवर नाव लिहिले आहे.’ तिने नाव विचारले नव्हते. ती खाटेपाशी नव्हती. आणि नळीवर अजून काही लिहिलेलेच नव्हते. एका ओळीत तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही खोट्या होत्या.

यापूर्वी दोघींपैकी कोणाचाही रक्तगट कोठे नोंदलेला नव्हता. पहिली आणि एकमेव साक्ष त्या नळ्याच देणार होत्या. एकीचा गट दुसरीच्या नावावर गेला असता तर उद्या टेबलावर चढवलेले रक्त औषध राहिले नसते. त्याने जीव घेतला असता. तेजलने हे पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि त्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण मिळाले होते.

पुष्कर तिच्या मनातले वाचत असावा. त्याने आवाज खाली करून दुसरी वाट दाखवली. पुन्हा टोचायचेच असेल तर टोच, पण कशासाठी ते सांगू नकोस. रक्त कमी पडले असे सांग. रक्तपेढीवर ढकल. आजींना काय कळणार, आणि सरांना काय कळणार? उद्याची वॉश अपची संधी तुझी तुझ्याकडे राहील.

तेजलने घड्याळाकडे पाहिले. बाराला वीस मिनिटे होती. तिला रक्तपेढीत नमुना द्यायचा होता, संधीही ठेवायची होती, आणि आजींचा ‘शेवटचा डाव’ तर वापरून झाला होता. खरे सांगितले आणि आजींनी हात आखडला, तर शस्त्रक्रियाच होणार नव्हती. तिच्या खरेपणाची किंमत तिलाच मोजावी लागली असती तर सोपे होते. येथे ती कोंडाबाईंनाही मोजावी लागणार होती.

ती उठली. दोन्ही नळ्या उचलल्या. सिस्टर मार्था औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या. त्यांनी सांगितले ते असे: मुलीने एक नळी खिडकीच्या उजेडात धरली, क्षणभर पाहिली, आणि मग दोन्ही नळ्या रक्ताचा कचरा टाकायच्या डब्यात सोडल्या. तेव्हा तिने कोणाला काही विचारले नव्हते. पुढे सिस्टरांनी तिला कारण विचारले. आधी कोणाला विचारले असते तर कोणीतरी मला समजावले असते आणि मी समजले असते, असे ती म्हणाली.

मग ती केंद्रे यांच्याकडे गेली आणि घडले ते क्रमाने सांगितले. केंद्रे यांनी तिला पुढे काय काय सुनावले ते सिस्टरांनी सांगितले नाही, आणि तेजलनेही पत्रात लिहिले नाही. शेवटचे वाक्य मात्र दोघींनी सारखेच सांगितले.

“उद्या माझ्यासोबत पुष्कर येईल. आणि आजींना जे सांगायचं ते तू सांग, मी नाही.”

तेजलने चिकटपट्टीचे रीळ, पेन आणि रक्तपेढीचे अर्ज टेबलावरून उचलून खिशात घातले आणि वॉर्डात गेली. प्रथम निलोफर. पुन्हा सुई पाहून निलोफरने विचारले की आधीचे आवडले नाही का. तेजलने जे होते ते सांगितले. निलोफरच्या तोंडावरची थट्टा गेली.

“म्हणजे आजींचं मला आणि माझं आजींना?”

“झालं असतं.”

निलोफरने हात पुढे केला. नळी भरली. तेजलने तिला नाव विचारले, खाटेवर बसूनच लिहिले आणि तिला दाखवले. निलोफरने ते दोनदा वाचले.

पाचव्या खाटेवर कोंडाबाई चौथ्या खाटेच्या बाईला सांगत होत्या की पोरीचा हात असा हलका आहे, मुंगी चावल्याइतकेही कळले नाही. तेजल जवळ आली तशी त्यांनी तिची ओळख करून दिली, “हीच ती.” तेजलला वाटले, जमीन दुभंगेल तर बरे. ती खाटेपाशी उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकले: आजी, मी तुमचं रक्त काढलं, पण नळीवर नाव लिहिलं नाही. दोन नळ्या एकाच खिशात टाकल्या. कोणती तुमची ते मला नक्की सांगता येईना. म्हणून दोन्ही टाकून दिल्या. चूक माझी आहे, तुमची नाही आणि रक्तपेढीचीही नाही. मला पुन्हा टोचावं लागेल.

कोंडाबाईंनी हात चादरीखाली घेतला.

“म्या सांगितलं हुतं. एकच डाव.”

“हो, सांगितलं होतं.”

“आन् तू तर डाव जिंकून गेलीस. टाळ्या वाजल्या तुझ्यासाठी.”

बारा वाजून सात मिनिटे झाली होती. चौथ्या खाटेची बाई मान फिरवून भिंतीकडे पाहू लागली. सिस्टर मार्था दाराशी थांबल्या होत्या. मध्ये पडावे असे त्यांना वाटले, पण पडल्या नाहीत.

कोंडाबाईंनी विचारले, “रगात कमी पडलं म्हणून सांगून टोचलं असतंस, तर मला कळलं असतं?”

तेजलच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. पुष्करचे बोलणे आजींनी ऐकले असेल का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. परंतु टेबल वीस पावलांवर होते.

“नाही, आजी. कळलं नसतं.”

“खरंच टाकलंस? सगळं?”

“टाकलं.”

“मगाशी तर नाचत हुतीस.”

“हो.”

कोंडाबाई छताकडे पाहत बोलू लागल्या, पण जणू चौथ्या खाटेच्या बाईशी. नव्या सुनेला त्या विणायला शिकवत तेव्हा पोरगी टोपलीचे बूड विणून, वर चार बोटे पाटी चढवून, हौसेने दाखवायला आणी. पाटी दिसायला छान असे. कोंडाबाई बुडाला अंगठा लावत. बांबूची एक कामटी सैल लागली की पाटी तिच्या पुढ्यात टाकत, आणि पहिल्यापासून उसव म्हणत. पोरगी रडे. सगळ्या पोरी रडतात. पण आपली पाटी आपण होऊन उसवून घेऊन आलेली पोरगी त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

चादर हलली. दुसरा हात बाहेर आला.

“ह्या हाताला बघ. त्यो तर गेला कामातनं. आन् एक ध्यानात ठिव. रगात निघालं की हितनं उठायचं न्हाई. हितं बसून नाव लिव्ह. मला वाचाया येत न्हाई, तवा मोठ्यानं वाचून दाखव.”

तेजलने डोळे मिटले. बोट फिरवले. या हाताला ते ओले सूत लागेना. एके ठिकाणी लागल्यासारखे वाटले, तेथे तिने सुई घातली, आणि काही आले नाही. तिने सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणाली, “चुकलं, आजी.” आजींनी हुं केले. बारा वाजून सोळा मिनिटे. तेजलने पुन्हा डोळे मिटले. यावेळी घाई केली नाही. मनगट, मग हाताची मागची बाजू, मग करंगळीच्या रेषेत, दोन हाडांच्या बेचक्यात. तेथे काहीतरी दबले. आणि वर आले.

ठिपका उमटला. थेंब आला. मग दुसरा.

वॉर्डात कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्या बायका श्वास धरून पाहत होत्या. नळी भरली. तेजलने कापूस लावला, तेथेच बसून राहिली, पट्टी नळीला चिकटवली आणि विचारले, “आजी, तुमचं नाव?”

“कोंडाबाई मारुती वंजुळे.”

तेजलने लिहिले आणि मोठ्याने वाचले. आजींनी मान हलवली. मग अर्जावरची ती ओळ तिने वाचली, आणि सही केली.

रक्तपेढी मैदानापलीकडच्या इमारतीत होती. तेजल पळत सुटली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली, ॲम्ब्युलन्सच्या मागून वळली, चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चप्पल हातात घेतली. काचेच्या खिडकीपाशी पोहोचली तेव्हा बारा सव्वीस झाले होते. खिडकीतल्या तंत्रज्ञाने नेहमीचा प्रश्न नेहमीच्या कंटाळ्याने विचारला: नावे कोणी लिहिली?

“मी,” तेजल धापा टाकत म्हणाली. “खाटेपाशी. नाव विचारून.”

तंत्रज्ञाने मान वर करून पाहिले, कारण या प्रश्नाला एवढे आनंदाने उत्तर देणारे कोणी त्याला भेटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. दोघींनाही रक्त चढवावे लागले, आणि दोघींनाही ते मानवले. केंद्रे यांच्यासोबत टेबलाशी पुष्कर उभा होता. तेजल त्या वेळी वॉर्डात जखमांच्या पट्ट्या बदलत होती. वाईट वाटले का, असे तिला पत्राने विचारले असता तिने लिहिले की वाटले, आणि दुपारपर्यंत वाटत होते.

दुपारनंतर वाटण्याला सवडच उरली नाही. कोंडाबाई शुद्धीवर आल्या होत्या. तोंडाला कोरड पडली होती, तरी त्या बोलत होत्या. पोरगी आपली चूक आपण होऊन सांगते, असे त्यांनी शेजारच्या खाटेला सांगितले, तिने पलीकडच्या खाटेला. संध्याकाळच्या आत आठही खाटांवर तेच बोलणे चालू झाले, दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डातही. सुई घेऊन कोणी इंटर्न आला की रुग्ण विचारत, ती गुंजाळ म्हणतात ती मुलगी कोठे आहे. पुष्करने एकदा चिडून विचारले की तिचेच नाव का घेता, तीही चुकतेच की.

कोंडाबाई म्हणाल्या, “चुकती. पर ती चुकली की सांगती.”

त्या वॉर्डात तेजलचे दोन आठवडे उरले होते. त्या दोन आठवड्यांत जिच्या हाती कोणी अवघड शीर देत नव्हते, तिच्याकडे सगळ्या अवघड शिरा आल्या. ती सकाळी साडेसातला येई आणि जेवायला तीन वाजत. तिच्या एका खिशात चिकटपट्टीचे रीळ असे, दुसऱ्यात पेन, आणि नळी कोणत्याच खिशात नसे.

एक गोष्ट शेवटपर्यंत पडताळता आली नाही. टाकून दिलेल्या त्या दोन नळ्यांपैकी कोंडाबाईंची कोणती, हे कोणालाच ठाऊक नाही. कमी भरलेली नळी आजींचीच होती, असे पुष्करचे म्हणणे आजही आहे. त्याचे म्हणणे खरे असणे अगदी शक्य आहे. सिस्टर मार्था यांना वाटते की ती निलोफरची होती, परंतु त्याला त्यांच्याकडे पुरावा नाही. तेजलला विचारले असता तिने फक्त इतकेच लिहिले: “मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हते.”

तात्पर्य: जे आपल्याला नक्की ठाऊक नाही त्यावर खात्रीची सही करू नये, आणि त्यापायी मिळालेले यश सोडावे लागले, तर आपला अंदाज कदाचित बरोबरही असेल हे जाणूनच ते सोडावे.